मालदीव स्कूबा टूरच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. तुम्ही सविस्तर लिहिलंय म्हणून मी पण जरा सविस्तरच लिहितो, कारण तो वाचून लोक आता ऑफिसला फोन करून विचारायलेत की खरंच असं झालं का.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की फ्लाइट दुपारी अडीचची असताना सकाळी एक डाइव्ह आरामात बसत होती, ती आम्ही पैसे वाचवायला काढली आणि शेवटचा दिवस वाया घालवला. शिवाय तारकर्लीला स्कूबा केलेलं असून मालदीवच्या धिगुरा बेटावर परत पहिलीपासून शिकवत बसले, काकांना ऐनवेळी पाण्यात उतरू दिलं नाही, व्हेल शार्क दिसला नाही, बीअर नाही, आणि वरून ग्रीन टॅक्स.

शेवटच्या दिवसाचं आधी सांगतो, त्याच्यापुढं तुम्ही तीन उद्गारचिन्हं टाकलीत. ती डाइव्ह मी काढलेली नाही, ती प्लॅनमध्ये कधी नव्हतीच, आणि तुम्ही दुप्पट पैसे दिले असते तरी मी टाकली नसती. कसंय की पाण्याखाली आपण दाबाखालची हवा घेतो, त्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो, अंगात साठतो, आणि वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो पण त्याला तासन् तास लागतात. आता विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, 6 ते 8 हजार फुटांवर असतो तेवढाच असतो, म्हणजे कळसुबाईच्या टोकापेक्षाही वर. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथं गेलात की गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं ते रक्तात व्हायला लागतं. सांधे धरतात, मुंग्या येतात, जास्त झालं तर पाय लुळे पडतात, आणि विमानात त्याच्यावर इलाज नाही. डायव्हरच्या सुरक्षेचं काम करणारी डॅन नावाची संस्था आहे, तिचं सांगणं असं की एकच डाइव्ह केली असेल तर उडायच्या आधी कमीत कमी 12 तास थांबा, रोज रोज केल्या असतील तर कमीत कमी 18. तुमची शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी दुपारी दोनला संपली म्हणजे 24 तास मिळाले. सकाळी सातला उतरला असता तर सहा-साडेसहा तास उरले असते, त्यात विमानासाठी माले गाठायला स्पीडबोटचे दोनेक तास वेगळेच. गेस्टहाऊसमधल्या त्या पाहुण्यानं तुम्हाला सांगितलं की तो नेहमी करतो, करू दे त्याला, तो काही माझा गिऱ्हाईक नाही.

तारकर्लीचं म्हणाल तर तिथला अनुभव चांगलाच असतो, मी स्वतः लोकांना आधी तिकडं पाठवतो. पण तिथं इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, टाकी, जॅकेट, खोली सगळं तो बघतो. ते सर्टिफिकेट नव्हे. सर्टिफिकेट नसलेल्याला मालदीवमध्ये पण ट्राय डाइव्हच मिळते, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत नवख्यांची डाइव्ह, 12 मीटरपर्यंत, आणि त्याच्या आधी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो, परत लावणं हे करून दाखवावंच लागतं. तुम्ही लिहिलंय "आम्ही लहानपणापासून विहिरीत सूर मारलेली माणसं, आम्हाला काय शिकवता". दादा, मी पण विहिरीतच शिकलोय, पाठीला डबा बांधून, आणि नेमकी तीच सवय इथं घात करते. विहिरीत आपण श्वास दाबून धरतो. स्कूबात पहिला नियम हाच की श्वास कधीच धरायचा नाही, कारण 10 मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथं भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि तोंड बंद असेल तर फुप्फुस फाटू शकतं. धिगुराच्या त्या इन्स्ट्रक्टर पोरीनं अर्धी सकाळ हेच शिकवण्यात घालवली तर ती तिचं काम करत होती.

(2016 ला ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथला माणूस समुद्राखालच्या टूर विकतो म्हणून आमचे मित्र अजून हसतात, ते असो.)

काकांच्या तब्येतीचं तुम्ही इथं लिहिलंय, मी लिहिणार नाही. बुकिंग झालं त्याच दिवशी मी मेडिकल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपला टाकला, दहा प्रश्न, हो किंवा नाही, आणि खाली लिहिलं की काही उत्तरांना "हो" आलं तर डॉक्टरची सही लागते, ती इकडूनच घेऊन जा. त्याच्यावर तुमचा अंगठा आला, बस. आता तुम्ही म्हणायलात की "नाही" वर टिक करायला आधीच सांगायला पाहिजे होतं. ते मी कोणालाच सांगणार नाही. काकांनी तिथं खरं लिहिलं, बरं केलं.

बाकीचं पटकन सांगतो. व्हेल शार्क दक्षिण आरी या बेटांच्या भागात बारा महिने असतात म्हणूनच तिथलं धिगुरा निवडलं, तो भाग 2009 पासून संरक्षित आहे, पण मासा काही आपल्या टाइमटेबलनं येत नाही. समुद्र खवळलेला होता कारण मे महिना होता. डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन असतो हे बोललो होतो, पण पोरांच्या सुट्ट्या होत्या, ते मला पण समजतं. बीअर फक्त रिसॉर्टच्या बेटांवर किंवा बोटीवर मिळते, गावाच्या बेटांवर कायद्यानं बंदी आहे, आणि रिसॉर्टचा रेट ऐकून तुम्हीच गेस्टहाऊस म्हणालात. ग्रीन टॅक्स तिथल्या सरकारचा, 2025 पासून छोट्या गेस्टहाऊसला माणशी रोज 6 डॉलर, कोटेशनमध्ये "वेगळा" असं लिहिलेलं आहे.

रिव्ह्यू काढा म्हणणार नाही. काकांच्या न झालेल्या डाइव्हचे पैसे डाइव्ह सेंटरनं परत पाठवलेत, आमच्याकडं पडून आहेत. काकांचा खाते नंबर आणि आयएफएससी तेवढा व्हॉट्सअ‍ॅपला टाका, इथं कमेंटमध्ये नको.