‘सैल बांधा, नाहीतर गुदमरेल’: कॅरिअरच्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. नव्या आईबाबांसाठी बेबी कॅरिअरचे, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायच्या कापडाचे किंवा पट्ट्यांच्या पिशवीचे, ‘पाच सोनेरी नियम’: सैल बांधा म्हणजे बाळाला हवा लागेल, बाळ गप्प झोपलं की समजा सगळं ठीक, पहिल्या महिन्यापासूनच तोंड बाहेर करून बसवा, मेंदू तल्लख होतो, महागातलं घ्या, तेच सुरक्षित, आणि फार वेळ ठेवू नका, हाताची सवय लागते. मला तो तिघींनी पाठवला. त्यातली एक पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे, म्हणून हे लिहितेय.

सैल बांधण्यापासूनच सुरुवात करते, कारण पाचांत सगळ्यात घातक सल्ला तोच. ऐकायला अगदी पटतो, हीच पंचाईत. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची आणि श्वासनलिका मऊ. सैल कापडात बाळ खाली घसरतं, पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते. बागेतला पाण्याचा पाइप मुडपला की धार बारीक होते, तसंच आत होतं. मग बाहेर हवा कितीही खेळती असो, तिचा उपयोग काय? त्यामुळे बांधायचं ते घट्ट, बाळ उभं आणि आपल्या अंगाला लागून. बांधून झाल्यावर बाळाच्या पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबा. ते आणखी आत सरकलं किंवा दुमडलेलं अंग सरळ झालं, तर पट्टे अजून आवळायला हवेत. हनुवटी आणि छातीच्या मध्ये निदान एक बोट शिरलं पाहिजे. नाक-तोंड कापडाबाहेर, मान न वळवता आपल्याला दिसेल असं. आणि बाळ इतकं वर हवं की नुसती मान खाली घातली की त्याच्या टाळूचा पापा घेता यावा.

आता ‘गप्प म्हणजे ठीक’. मार्च 2010मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने झोळीसारख्या स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांतले किमान 14 मृत्यू त्यांच्यासमोर होते आणि त्यातली 12 बाळं चार महिन्यांच्या आतली होती. श्वास कोंडलेलं तान्हं बाळ हातपाय झाडत नाही, रडून हाक मारत नाही. रडायलाही हवा लागते. माझी लेक पाच आठवड्यांची असताना कॅरिअरमध्ये झोपली होती आणि मी खुशीत कपडे घड्या करत होते. मध्येच बारीक घुरघुर ऐकू आली. खाली पाहिलं तर हनुवटी छातीत रुतलेली. डोकं वर उचललं, तिने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा झोपली. तेव्हापासून ‘किती शहाणी, आवाजसुद्धा नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी वाकून बघते. बाळ झोपलं आणि आपण घरी असलो, तर त्याला काढून सपाट अंथरुणावर पाठीवर निजवलेलं बरं.

तोंड बाहेर करून बसवायचं तर आधी मान धरली पाहिजे, आणि पहिल्या महिन्यात ती धरत नाही. शिवाय नवजात बाळाला नीट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे आपला चेहरा. बाहेरच्या गोंगाटाने कावलं तर बाहेर तोंड असलेल्या बाळाला तोंड लपवायलाही जागा नाही. खुब्याच्या दृष्टीनेही पहिले सहा महिने आत तोंड आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हेच बरं. गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर, बेडकासारखे. (उलट्या बाजूची अतिशयोक्तीही फिरते: ‘कॅरिअरने खुबा निखळतो’. तसं सिद्ध झालेलं नाही.)

महागाबद्दल थोडक्यात: किंमत नाही, लेबल वाचा. किमान वजन किती लिहिलंय ते बघा. अनेक कॅरिअरवर ते साडेतीन किलोच्या आसपास असतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणाचं वापरलेलं घेतलंत तर शिवण आणि बक्कल ओढून पाहा.

राहिली हाताची सवय. 1986मध्ये हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी काही पालकांना बाळाला रोज जास्त वेळ अंगाशी धरायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. पोटशूळाने रडणाऱ्या बाळांवर मात्र नंतरच्या अभ्यासात या उपायाचा गुण दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मेसेजमध्ये नसलेली, पण रोज लागणारी गोष्ट: बाळ अंगावर असताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. शेगडी आणि गरम चहा लांब. गाडीत कॅरिअर हा कारसीटला पर्याय नाही.

बाळंत होणाऱ्या मैत्रिणीला मी यातलं काही लिहून पाठवलं नाही. तिला घरी बोलावलं आणि आरशासमोर उभं करून मऊ बाहुलीवर कॅरिअर बांधायला लावलं. पहिल्यांदा बाहुली पोटापर्यंत घसरली. तिसऱ्या खेपेला हनुवटीखाली बोट शिरलं.