वरचा एक

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर दुसऱ्या शनिवारी नो-लिमिट पोकर चालतं. पैसे लावायला सगळ्यांच्याच घरून बंदी, म्हणून चिंचोके. ज्याचा ढीग आधी संपेल त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची.

तीन पत्तीत चालीला निदान काही रीत असते. इथे किती लावायचं ते तुमचं तुम्ही बघा. समोरचा अख्खा ढीग सरकवलात तरी कुणी हात धरत नाही. आणि मला तर लग्नाच्या पाकिटात किती घालायचे हे ठरवायलासुद्धा बायको लागते.

परवा मला एक्क्यांची जोडी आली, दोन्ही काळे. सरासरी 221 वाटपांत एकदा येते म्हणतात. मी पाणी प्यायलो. मध्ये सगळ्यांच्या सामाईक पाचांपैकी चार पानं उघडी, त्यांत दोन बदाम. डावात 100 चिंचोके. समोर उरले फक्त तिसऱ्या मजल्यावरचे काका, निवृत्त कॅशिअर. काकांच्या हातात दोन बदाम आहेत आणि माझ्या जोडीला हरवणाऱ्या पाचव्या बदामाची ते वाट बघतायत, हे चेहऱ्यावरून नाही, पण चष्मा पुसण्यावरून कळत होतं.

आता किती? 20 लावले तर काकांना 20 मध्ये 120 चा माल, म्हणजे सेलच लागला की! 200 लावले तर काका पानं टाकून थर्मासकडे वळणार आणि माझे एक्के त्या 100 वरच गार होणार. 50 लावले तर 150 साठी 50, म्हणजे त्यांना चारात एकदा तरी बदाम लागायला हवा. तो तर न दिसलेल्या 46 पानांत 9, पाचात एकदाही पुरता नाही. पन्नासच! हिशोब चोख.

मी 50 मोजले आणि हाताने आपणहून वर एक ठेवला. आहेराची सवय.

काकांनी चष्मा चढवला. "वर एक? म्हणजे थाप."

गेले चार महिने म्हणे मी थाप मारताना 51 नाहीतर 101 लावतो, शकुनाचे. खरी पानं असली की नुसते 50. हे गच्चीवर सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

काकांनी 51 सरकवले. शेवटचं पान बदाम सत्ती. त्यावर उरलेला ढीग मी कुठल्या आशेने लोटला ते कृपा करून विचारू नका.

रविवारी मिसळीचं बिल 700 झालं. मी 701 काढून ठेवले.

"आता कसली थाप?" काकांनी तर्री ओरपत विचारलं.