क्रेडिट खात्यात दिसले म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाने स्वीकारले असे नाही

पदवीच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागू लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा : एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेतील खाते क्रमांक, काढला की कोणत्याही वर्षानंतर देशातील कुठल्याही विद्यापीठात जाता येते, क्रेडिट (म्हणजे उत्तीर्ण विषयांच्या अध्यापन-तासांवरून मिळणारे अंक) आपोआप तिकडे जमा होतात, ग्रेड जशाच्या तशा लागतात, आणि सीमाभागातील मराठी मुलांसाठी तर महाराष्ट्रात दुसऱ्या वर्षाला थेट जागा राखीव असतात. पुरावा म्हणून बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बंगळूरला गेलेल्या आणि एकही गुण न गमावलेल्या एका मुलाचे उदाहरण दिलेले असते. या मजकुरावर विसंबून मुले आपला चालू प्रवेश रद्द करून बसतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

प्रथम त्या उदाहरणाविषयी. बेळगावची आणि बंगळूरची बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये एकाच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय बेळगावात आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र संपूर्ण कर्नाटक आहे. स्वायत्त नसलेल्या अशा दोन महाविद्यालयांत अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणपत्रक एकच असते. त्या मुलाने महाविद्यालय बदलले, विद्यापीठ बदललेच नाही. याउलट बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयातून बी.ए. किंवा बी.कॉम. करणारा विद्यार्थी शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातील चंदगडच्या महाविद्यालयात जातो तेव्हा तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत जातो. अंतर थोडेच असले तरी राज्य, विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाचा आराखडा ही तिन्ही एकदम बदलतात.

आता ‘आपोआप जमा’ या शब्दांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक क्रेडिट बँकेचे नियम केले. ही व्यवस्था खरी आहे, उपयुक्त आहे, आणि तिच्यात नोंदलेली क्रेडिट साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात, हेही खरे आहे. परंतु तिचे स्वरूप पासबुकासारखे आहे. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट त्याची संस्था तेथे नोंदवते, स्वतः विद्यार्थ्याला काहीही भरता येत नाही. नोंद झाली म्हणजे ‘या मुलाने हे शिकले’ एवढे सिद्ध होते. ते आपल्या पदवीत कोणत्या विषयाच्या जागी धरायचे, किंवा धरायचे की नाही, हे नवे विद्यापीठ समकक्षता तपासून ठरवते. शिवाय त्याच नियमांत एक अट आहे, जी या मजकुरात कधीच येत नाही : किमान निम्मी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवलेली असली पाहिजेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट धरली तर नव्या ठिकाणी किमान ६० मिळवावी लागतात. चार सत्रे बेळगावात पूर्ण करून ८० क्रेडिट घेऊन गेलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षात केवळ ४० क्रेडिटचे शिक्षण उरते, म्हणजे ती सर्वच्या सर्व ८० वापरू शकत नाही. ‘कोणत्याही वर्षानंतर’ हे विधान येथेच कोसळते.

आराखड्याचा प्रश्न सीमाभागात अधिकच गुंतागुंतीचा आहे. कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून पदवीला लागू केले आणि २०२४-२५ पासून चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत मात्र नव्या धोरणाची रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. एकाच वर्षी एका बाजूने ती मागे घेतली आणि दुसऱ्या बाजूने स्वीकारली, त्यामुळे दोन्हीकडे सत्राची क्रेडिट २० दिसली तरी त्यांतील विषय सारखे नसतात. क्रेडिट हे अध्यापनाच्या तासांचे माप आहे. त्या तासांत काय शिकवले, हे त्यावरून कळत नाही.

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीची दोन गुणपत्रके गेल्या पावसाळ्यात मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. वडिलांना कोल्हापुरात काम मिळाल्याने तिला तिकडे जायचे होते. पहिल्या सत्रात २० क्रेडिट आणि ८.२ सरासरी, दुसऱ्यात २० क्रेडिट आणि ७.०, एकत्रित ७.६. त्यात कन्नड आणि मराठी या भाषाविषयांची मिळून ८ क्रेडिट होती आणि त्यांत तिला सरासरी ९ ग्रेड पॉइंट होते. नव्या ठिकाणी ही ८ क्रेडिट जुळली नाहीत, तर एकूण ३०४ पॉइंटमधून ७२ वजा होऊन २३२ उरतात, आणि ३२ क्रेडिटने भागल्यावर सरासरी ७.२५ येते. तिने एकही गुण गमावला नव्हता, तरीही आकडा खाली येतो. तिने ज्यात सर्वाधिक कष्ट घेतले, नेमके तेच विषय गळू शकतात याचे मला मनापासून वाईट वाटले.

ग्रेड जशीच्या तशी लागते, हेही म्हणूनच सरसकट खरे नाही. काही ठिकाणी क्रेडिट स्वीकारली जातात पण जुने ग्रेड एकत्रित सरासरीत धरत नाहीत, काही ठिकाणी धरतात. दहा पॉइंटची पट्टी बहुतेक ठिकाणी असली तरी कोणत्या गुणांना कोणते अक्षर, हे विद्यापीठागणिक बदलते. टक्केवारीत रूपांतर करतानाही तेच. सरासरीतून ०.७५ वजा करून दहाने गुणण्याचे सूत्र वापरले तर ७.७५ चे ७० टक्के होतात, सरळ दहाने गुणले तर ७७.५. नोकरीच्या अर्जात हा साडेसात टक्क्यांचा फरक निर्णायक ठरू शकतो, म्हणून ज्या विद्यापीठाचे गुणपत्रक, त्याच विद्यापीठाचे सूत्र लेखी घ्यावे.

विषय राहिला असेल तर त्याची क्रेडिट मिळालेलीच नसतात. जे नाही ते नेता येत नाही.

राखीव जागांचा मुद्दा अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वेगळी तरतूद आहे. आपल्या मुलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण ती प्रवेशाची तरतूद आहे; बी.ए., बी.कॉम. मध्येच सोडून येणाऱ्याची क्रेडिट मान्य करण्याशी तिचा संबंध नाही.

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी क्रम उलटा करू नये. आधी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी घ्यावा, तो गुणपत्रकांसह नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे द्यावा, कोणती क्रेडिट मान्य आणि कोणते विषय नव्याने द्यावे लागतील हे लेखी मिळवावे, आणि त्यानंतरच टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. खानापूरच्या त्या विद्यार्थिनीने टीसी आधीच काढली होती. जुन्या महाविद्यालयाने तिची जागा रिकामी दाखवली होती, नव्या ठिकाणचे उत्तर आले नव्हते, आणि तिसऱ्या सत्राचे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.