ओके, म्हणजे?

आपण मोठ्या कष्टाने मुद्देसूद, सविस्तर आणि शक्य तेथे विनम्र असा निरोप लिहावा, पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचून त्यातली टोचणारी विशेषणे काढून टाकावीत, आणि समोरून उत्तर यावे नुसते ‘ओके’, या छळाला कोणत्याही कायद्यात कलम नाही. भांडण झाले असते तर निदान मजकूर वाचला गेला एवढी तरी खात्री पटली असती. ओकेने तीही पटत नाही. निरोप आवडला, पटला, त्याचा राग आला, की वाचता वाचता वाचणाऱ्याची लिफ्ट आली, यांपैकी कोणताही अर्थ त्या दोन अक्षरांतून काढता येतो, आणि मी ते सगळेच काढत बसते.

अर्थ काढण्याचे हे शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. ओकेनंतर पूर्णविराम असेल तर समोरची व्यक्ती दुखावली आहे असे मी धरते; टिंबे असतील तर तिला आणखी बोलायचे आहे, पण मी विचारल्याशिवाय ती बोलणार नाही; आणि ‘ओ’ गाळून केवळ ‘के’ आला असेल तर संबंध निम्म्यावर आले आहेत, हे अक्षरगणिताने सिद्धच होते. तोंडी वापरात ही भानगड अधिकच वाढते. ककाराला द्वित्व देऊन ‘ओक्के’ म्हटले की काम फत्ते झालेले असते, शब्द लांबवून शेवट वर नेला की आपल्या शहाणपणाविषयी शंका व्यक्त होते, आणि तोच शब्द दोनदा म्हटला की त्याची किंमतच उतरते. वास्तविक मराठीत द्विरुक्तीने अर्थाला जोर चढतो. ‘हळूहळू’ हे ‘हळू’पेक्षा अधिकच हळू असते. ‘ओके ओके’ मात्र ‘ओके’पेक्षा कितीतरी कमी ओके असते. नवा सदरा कसा दिसतो, या प्रश्नाला हे उत्तर मिळालेल्या माणसाने तो सदरा पुन्हा हौसेने घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

इतका त्रास देणाऱ्या शब्दाचे कूळ तरी तपासावे म्हणून मी त्याच्या इतिहासाकडे वळले, तर तेथेही गांभीर्य नव्हते. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बॉस्टनच्या पत्रकारांना आद्याक्षरे जोडून विनोदी लघुरूपे करण्याचे वेड लागले होते, आणि विनोद अधिक खुलावा म्हणून मूळ शब्दांचे स्पेलिंग ते मुद्दाम चुकवत असत. ‘सर्व बरोबर’ या अर्थाच्या ‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरे खरे तर ए आणि सी, त्यांच्या जागी ओ आणि के घालून २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हा शब्द छापला गेला. म्हणजे ‘सर्व बरोबर’ असे बजावून सांगणाऱ्या शब्दातली सर्वच्या सर्व अक्षरे चूक आहेत. त्याच्या सोबतीचे बहुतेक विनोद लवकरच विरून गेले. याला मात्र १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीने हात दिला. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहुक गावचे, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ ठरवून ओके नावाने क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हरले आणि ओके निवडून आले. ही वंशावळ ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९६०च्या दशकात पुराव्यानिशी मांडली.

पुढे तारायंत्रावरचे कर्मचारी संदेश नीट मिळाल्याची खूण म्हणून हा शब्द वापरू लागले, आणि माझ्या मते त्याचा खरा स्वभाव तेथेच ठरून गेला. ओके पोच देते, पसंती देत नाही. तारेतली बातमी सुखाची की दुःखाची, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपण मात्र त्या बिचाऱ्या पोचपावतीत कौतुक शोधतो.

संगणकाने या अलिप्तपणाचा पुरता फायदा उठवला आहे. ॲपलच्या ‘लिसा’ या संगणकाची जडणघडण चालू असताना पडद्यावरच्या संमतीच्या बटणावर आरंभी ‘डू इट’ असे लिहिलेले होते. चाचणीसाठी बसवलेल्या काही लोकांना दोन शब्दांमधली फट दिसेना आणि त्यातला ‘आय’ त्यांना ‘एल’ वाटू लागला, त्यामुळे ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असे वाचू लागले. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, अशी तक्रार आल्यावर तेथे ओके आले. तेव्हापासून यंत्र तोंडावर मठ्ठ म्हणत नाही, वागणूक मात्र तशीच देते. ‘अनपेक्षित अडचणीमुळे आपले काम जतन होऊ शकले नाही’ असे कळवणारी चौकट उमटते आणि तिच्याखाली एकच बटण असते, ओके. माझी अख्खी संध्याकाळ पाण्यात गेली, हे ओके नाही. परंतु तसे सांगण्याची सोय नाही, आणि ते बटण दाबल्याखेरीज चौकट हटत नाही. म्हणजे नुकसान माझे, आणि वर त्याला संमतीही माझीच. ‘नाइलाज’ असे लिहिलेले एक बटण द्यावे, ही माझी जुनी मागणी आहे.

त्या मानाने पाणबुडे सुज्ञ म्हणायचे. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ हा त्यांचा ‘ठीक आहेस ना?’ असा प्रश्नही असतो आणि ‘ठीक आहे’ हे उत्तरही. नुसता अंगठा वर केला तर मात्र ‘पृष्ठभागावर चला’ असा अर्थ होतो, त्यामुळे प्रत्येक निरोपाला सवयीने अंगठा दाखवणाऱ्यांनी समुद्रात उतरताना जरा जपावे. तसेच ते वर्तुळ ब्राझीलमध्ये असभ्य समजले जाते, तेव्हा तेथे जमिनीवरही जपावे.

मला सर्वांत दमवणारा उपयोग दूरध्वनीवरचा आहे. बोलणे आटोपले असे वाटले की मी खालच्या पट्टीत ‘ओके’ म्हणते. पलीकडून ‘ओके’ येते. मी ‘ओके, मग’ म्हणते, आणि त्या ‘मग’चे शेपूट धरून पलीकडून ‘अगं, सांगायचे राहिलेच’ असे नव्याने सुरू होते. हा केवळ स्वभावदोष असावा, असा माझा समज होता. परंतु इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या अभ्यासकांनी संभाषण संपते तरी कसे, याच प्रश्नावर १९७३ मध्ये लेख लिहिला असून, त्यांच्या विवेचनानुसार अशा जागी येणारे ओके म्हणजे निरोप घेणे नव्हे. ‘माझे संपले, तुझे काही राहिले असेल तर बोल’ अशी ती दिलेली संधी असते. माझ्या मावशीने हा लेख वाचलेला नाही, तरी तिच्या हातून अशी एकही संधी वाया गेलेली नाही. उपाय म्हणून मी ओके म्हणणेच बंद करून पाहिले, तेव्हा ‘गप्प का झालीस, बरी आहेस ना?’ अशी चौकशी सुरू झाली. घाईत मला ‘ओके आहे’ याखेरीज दुसरे उत्तर सुचले नाही, आणि त्यावर मावशीने स्वतःच्या गुडघ्यांचा विषय काढला.