पंप खोक्यामागं, पोराला ओव्याची धुरी

‘पोरांना दम्याचा पंप लावू नका, जन्मभर सुटत नाही’ हा मेसेज गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तीनदा आला. तिसऱ्या वेळी वडगावच्या आमच्या वहिनींनी तो मनावर घेतला आणि आठ वर्षांच्या पोराचा रोजचा पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायच्या पोकळ नळीसकट) गणपतीच्या आराशीच्या खोक्यामागं ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. अठरा दिवस पोरगं ठीक होतं. एकोणिसाव्या रात्री दोनला मी बघितलं तेव्हा त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि ‘आत्या, पाणी’ म्हणायला त्याला दोन श्वास लागले.

सवय लागते म्हणे. पंप दोन तऱ्हेचे असतात हेच लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. एक धाप लागल्यावर घ्यायचा, साल्ब्युटामॉलचा. तो काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो. दुसरा रोजचा, ब्युडेसोनाईडसारख्या स्टेरॉईडचा. तो आतली सूज हळूहळू उतरवतो आणि बंद केला की सूज तशीच हळूहळू परत चढते. वहिनींचे अठरा दिवस त्या शिलकीवर निघाले. बेळगावच्या जुलैत छत्री मिटली आणि भिजलो, तर छत्रीचं व्यसन लागलं म्हणायचं का?

स्टेरॉईडनं उंची खुंटते, यात थोडं खरं आहे. मान्य करते, नाइलाजानं. अमेरिका-कॅनडात 1041 दमेकरी मुलांवर अभ्यास झाला. ती मुलं मोठी झाल्यावर मोजलेली उंची 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. चार ते सहा वर्षं रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरनं कमी भरली. फरक पहिल्या दोन वर्षांत पडला, पुढं वाढत गेला नाही. मेसेजात याचं ‘मूल बुटकं राहतं’ झालं.

आणि त्या रात्रीनंतर काय? प्रेडनिसोलोन, म्हणजे पोटातून द्यायचं स्टेरॉईड, रोज 20 मिलिग्रॅम, तीन दिवस. म्हणजे दिवसाला 20000 मायक्रोग्रॅम. त्याचा पंप दिवसाला 200 चा. स्टेरॉईडला भिऊन वहिनींनी वजनानं शंभर पट स्टेरॉईड पोराच्या पोटात घालायची वेळ आणली, तेही सरळ रक्तात जाणारं. हा हिशोब मी दुधाच्या पिशवीच्या मागं मांडून दाखवला. त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण मांडला.

मेसेजातलं सगळ्यात डोक्यात गेलं ते धुरीचं. ‘ओवा-वेखंडाची धुरी द्या, कफ सुटतो.’ अहो, आकसलेल्या, सुजलेल्या नळीत धूर कोंडायचा? त्या घरात आधीच मागच्या खोलीत यंत्रमागाचं सूत उडतं, सकाळी लाकडाचा बंब पेटतो, संध्याकाळी उदबत्ती, रात्री डासांची कॉईल. त्यात पोराला चादरीखाली बसवून पुढ्यात निखाऱ्याची पाटी! खोकला वाढला तर वहिनी खूश, कफ सुटतोय म्हणून.

मेसेजातलं बाकीचं. केळी-दही बंद करा: त्या पदार्थाची ॲलर्जी नसेल तर कशाला? पुढं चला. मृगाला हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळवा: त्यानं दमा बरा होतो याला पुरावा नाही, जायचंच तर पंप पिशवीत ठेवून जा. बाराव्या वर्षी आपोआप जातो: बऱ्याच पोरांचा वयात येताना कमी होतो, खरं आहे. कुणाचा होणार ते आधी कळत नाही, आणि तोवर श्वास घ्यायचाच असतो की.

स्पेसर आता आठवड्याला धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत निथळत असतो. काल ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला. या वेळी खाली कन्नड भाषांतरही होतं.