पोट्टं वर्गात हालते म्हणून ते बिघडलं असं नाही

आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला. पहिलीतलं पोरगं एका जागी बसत नसेल, अक्षर उलटं काढत असेल, वर्गात बोलत नसेल तर ते डोक्यानं मंद नाहीतर लाडानं बिघडलं, वेळीच दोन फटके द्या. मी पहिलीलाच शिकवते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

एका जागी बसत नाही. अहो, कालपर्यंत ते आईच्या मागं वावरात हुंदडत होतं, अन् जूनच्या शेवटी शाळा उघडली की टिनाखाली उकाड्यात मांडी घालून गप बसावं म्हणता, लाइट गेली की पंखाही बंद, मोठ्या माणसालाही होत नाही ते. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं अन् सारखी चळवळ करणं हा त्रास, तो आहे म्हणायला लक्षणं वयाच्या मानानं जास्त असावी लागतात, सहा महिने तरी टिकावी लागतात अन् घरी, शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. एकाच तासाला हालते तर तो तास बघा.

पाटीवर ३ चा ६ होते? सातेक वर्षांपर्यंत चालतेच ते.

वर्गात बोलत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मेळघाटातल्या लेकराच्या घरी कोरकू, यवतमाळकडं कोलामी, गडचिरोलीत गोंडी, अन् आपल्या घरी तरी पुस्तकातली मराठी कोण बोलते? एका पोरीला विचारलं काय करतेस, ती म्हणाली "डबा खाऊन राह्यली", तर मोठ्या वर्गातले पोट्टे खदाखदा हसले. तवापासून वर्गात तोंड बंद, पण लंगडी खेळताना बघा, सगळ्यात मोठा आवाज तिचाच. आता मीच तिच्याशी तिच्यासारखं बोलते, थोडंथोडं बोलून राह्यली.

अन् फटके? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, शाळेत मारणंही बंद अन् मानसिक त्रास देणंही बंद. माराच्या धाकानं पोरगं गप बसते, शिकत नाही.

हां, हाक मारली तर वळून बघत नाही, फळ्याजवळ जाऊन वाचते, येत होतं ते बोलणं गेलं, नाहीतर सारखं थकते अन् हातपाय दुखते म्हणते, तर दाखवाच, आपल्याकडं विदर्भात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजारही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा तपासायला येते, फुकट. त्या दिवशी कापूस वेचायला नेऊ नका बाप्पा लेकराला, शाळेत पाठवा.