भरीत आणि व्हाइट वाइन : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, भरिताबरोबर सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट वाइन कशी लागते, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं : व्हाइट वाइनला तिखट सोसत नाही, एवढी महाग बाटली खान्देशात कोणी घेत नाही, ही दारूची जाहिरात आहे, आणि शेवटी, 'भरीत फक्त ताटात पाहिलेल्या माणसाचे हे चोचले आहेत.' हे शेवटचं वाक्य मला लागलं. ते मी सोडून देणार नाही.

माझं लहानपण यावल तालुक्यात गेलं. वडील वांगी लावायचे, भरिताची, हिरवी, पांढरट झाक असलेली, कमी बियांची. हिवाळ्यात शेतातच पऱ्हाट्या पेटवून ती भाजायची, हात पोळत साल काढायचं, लाकडी भांड्यात ठेचायचं आणि मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. खाली केळीचं पान, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं; आमच्या घरात त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज कधी पडली नाही. पुढे नाशिकला एका वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखवण्याची नोकरी केली. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग लहान घोट तोंडभर फिरवा, हे रोज सांगत होतो. ही दोन्ही कामं ज्यानं केली, त्याला तुम्ही ओळख ना पाळख चोचलेवाला ठरवता? मत पटलं नाही तर तसं म्हणा. माणसाचं गाव त्याच्याकडून काढून घेण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

लेख तुम्ही पूर्ण वाचलेला दिसत नाही, म्हणून थोडं पुन्हा सांगतो. सोव्हिन्याँ ब्लाँला जो हिरवा, पाल्यासारखा वास येतो तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. ढोबळी मिरचीच्या वासामागेही तीच असतात. म्हणून भरितातली मिरची आणि पात तिच्याशी भांडत नाहीत. तिच्या आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, फोडणीचं तेल जिभेवर साचत नाही आणि पुढच्या घासाला धुराचा वास पुन्हा ताजा लागतो. नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणजे डिसेंबरच्या भरिताला वर्षाच्या आतली वाइन मिळते, आणि ही वाइन ताजीच प्यायची असते. आठ ते दहा अंशांवर द्या. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास दबलेलाच राहतो.

आणखी एक. थंड तापमानात आंबवलेल्या ताज्या व्हाइट वाइनला कधी कधी चक्क पिकलेल्या केळ्याचा वास येतो. यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच मुख्य असतं. काही महिन्यांत तो वास उडून जातो. केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाइतका हा वास दुसऱ्या कोणाला पटकन कळणार? खान्देशातल्या लोकांनी वाइन चाखावी असं मला वाटतं ते यासाठी. चवीची ही ओळख आपल्याकडे आधीपासून आहे.

तिखटाबद्दल तुमचं एक मान्य. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याच्या तर्रीपुढे कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, व्हाइट वाइन टिकत नाही. अल्कोहोलनं तिखटाची आग उलट वाढते. पण शेवभाजीचं नाव मी घेतलंच नव्हतं, ते तुम्ही आणलंत. भरितात मिरची किती ठेचायची हे आपल्या हातात असतं. जास्तच तिखट हवं असेल तर किंचित गोडी राखलेली शेनिन ब्लाँ ही दुसरी व्हाइट वाइन घ्या, तेही लेखात लिहिलं होतं.

जाहिरातीचं म्हणाल, तर लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. किमतीवर बोलत बसत नाही, ज्याला घ्यायची तो घेईल.

चवीवर लिहाल तर कितीही कडक लिहा, मी उत्तर देईन. पुन्हा माझ्या गावावर घसरलात, तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.